लिगायासाठी ठेवलेली उंबरं

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांना रडायची भारी हौस होती. हे जंगल होतं फिलिपीन्सच्या एका बेटावर. दर शनिवारी संध्याकाळी सगळे एका मोठ्या झाडाखाली जमायचे आणि टीव्हीवर तागालोग भाषेतली प्रेमाची मालिका बघायचे. दर आठवड्याला नवं जोडपं, नवी गोष्ट. जंगलातल्याच कुणीतरी ती पत्रातून कळवायची आणि मग सगळ्यांनी मिळून रडायचं.

त्याच झाडाच्या ढोलीत लिगाया नावाची धनेशीण राहत होती. धनेशांची एक रीत असते. अंडी घालायच्या वेळी मादी ढोलीत शिरते, दार चिखलानं लिंपून घेते आणि चोच मावेल एवढीच फट ठेवते. आत तिच्या पंखांची पिसं झडतात. नर फटीतून तिला भरवतो. तो आला नाही, तर तिनं काय करायचं हे कुणी ठरवलेलं नाही.

गेल्या वर्षी तिच्या नवऱ्यानं, इसागानीनं, न चुकता उंबरं आणली होती. वेड्या लिगायाला त्याचं इतकं कौतुक, की यंदा आत शिरण्याआधी तिनं मालिकेला पत्र धाडलं.

पत्र निवडलं गेलं. दिग्दर्शक होती एक घोरपड. तिनं इसागानीला नायक केलं आणि लिगायाच्या भूमिकेत एक गुबगुबीत पोपटीण घेतली. खरी लिगाया पडद्यावर फार घरगुती दिसेल, असं तिचं मत पडलं. पोपटीण पुठ्ठ्याच्या ढोलीत बसायची आणि इसागानी तिला दिवसभर उंबरं भरवायचा. कधी त्याचे अश्रू कमी पडायचे, कधी ऊन जायचं. मग पुन्हा भरवायचं.

इकडे ढोलीत पिल्लू जन्मलं. चार दिवस फटीपाशी कुणी फिरकलं नव्हतं. लिगाया आतून चोच आपटायची.

शनिवारी मालिका लागली. वरून टकटक आली, तेव्हा खालच्या मंडळींनी टीव्हीचा आवाज वाढवला.

शेवटी लिगायानं दार फोडलं आणि पिसांवाचून ती खोडावरून घसरत खाली आली. टीव्हीपुढे उंबरांचा ढीग होता. पडद्यावरच्या उपाशी नायिकेसाठी प्रेक्षकांनी तो रडत रडत ठेवला होता. लिगाया अधाशासारखी खाऊ लागली.

"अगं ए, ती लिगायासाठी आहेत," एक म्हैस म्हणाली.

"मीच लिगाया."

म्हशीनं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "लिगाया अशी नसते," ती म्हणाली.

पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणा म्हणून इसागानी बसला होता. त्याचे डोळे पाण्यानं भरले होते. लिगाया त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. पिल्लू उपाशी आहे, एवढंच तिनं सांगितलं.

"जरा बाजूला हो ना," तो हळूच म्हणाला. "आता मी तुला भरवतोय."

लिगायानं चोचीत मावतील तेवढी उंबरं भरली आणि ती खोड चढू लागली. खाली सगळं जंगल हुंदके देत होतं. चोरट्या बाईचा निषेध करणारं पत्र म्हशीनं दुसऱ्याच दिवशी मालिकेला पाठवलं.

तात्पर्य: मुलांनो, भूक लागली तर घरात बसू नये, मालिकेत बसावं. तिथे नवरासुद्धा वेळेवर येतो.