एकोणीस कर्णधारांची टीम

ही हकीकत ऐकून आजवर एकाही माणसानं विश्वास ठेवलेला नाही, आणि तुम्हीही ठेवणार नाही! पैज लावतो. सरकून बसा. तुमचा नंबर तिसरा, आणि सलूनवाला नुकताच वर जेवायला गेलाय. सलूनवाला म्हणजे माझाच मुलगा. त्याच्या माघारी सांगतो, कारण त्याच्यासमोर सांगायला घेतलं की तो माझं तोंड टॉवेलनं बंद करतो. गरम टॉवेलनं!

तर सलूनवाल्याला एक मुलगी. वय वर्षं तेरा. पाय असे लांब की घरात तिला सगळे नाकतोडाच म्हणतात. ती मुलींच्या फुटबॉल टीममध्ये. टीममध्ये म्हणजे काय, तर टीमच्या बाकावर! सहा सामने झाले, त्यात पोरगी मैदानात होती एकूण नऊ मिनिटं. त्यातली चार तर दुसऱ्या एका मुलीला बुटाची नाडी सापडेना म्हणून. उरलेला वेळ बाकाला ऊब देणं. कपडे इतके कोरे घरी यायचे की तिच्या आईनं ते धुणं सोडून नुसते झटकायला सुरुवात केली.

एके दिवशी जेवताना पोरीनं ताट बाजूला सारलं. "बाबा, मी फुटबॉल सोडते. बसायचंच असेल तर घरात खुर्च्या आहेत. त्यांना पाठ तरी आहे."

सलूनवाल्याचा घास हातातच राहिला! पहाटे उठून गल्लीतल्या भिंतीवर चेंडू आपटणारी ही पोर. शेजाऱ्यांच्या शिव्या खाऊन पोट भरायचं तिचं! आणि ती सोडते म्हणते?

"सोडू दे की," आई म्हणाली. "गणितात तरी मैदानात उतरेल."

"थांबा!" सलूनवाला गरजला. "परवा सामना आहे ना? उद्या तुझा कोच माझ्याकडे दाढीला येतोय. गोडीगुलाबीनं विचारतो. बावीस वर्षं या धंद्यात आहे मी. गालाला फेस लागला की भलेभले मऊ पडतात!"

"बाबा, तुम्ही काही बोलू नका हं! माझं मी बघेन."

"मी? मी कुठे काय बोलतो?"

दुसऱ्या दिवशी कोच आला, खुर्चीत ऐसपैस बसला. एरवी सलूनवाल्याची कात्री थांबेल पण जीभ थांबायची नाही. त्या दिवशी मात्र तोंडाला कुलूप! वाक्याची जुळवाजुळव चालली होती ना मनात. जुळवता जुळवता वस्तरा पट्ट्यावर घासतोय. सटाक्, सटाक्! पाच मिनिटं झाली, दहा झाली. वस्तऱ्याला अशी धार चढली की नुसत्या बघण्यानं बाकावरच्या एका गिऱ्हाइकाच्या मिशा गळून पडल्या! हसू नका. तो माणूस अजून येतो इथे. मिशांशिवाय.

आरशात कोचचा चेहरा फेसाइतकाच पांढरा. शेवटी सलूनवाल्यानं वस्तरा त्याच्या गळ्याच्या घाटीवर टेकवला, आवाजात होता नव्हता तेवढा मध ओतला आणि विचारलं, "साहेब, आमची मुलगी उद्या किती वेळ खेळेल?"

"पूर्ण वेळ!" कोच किंचाळला.

सलूनवाला थक्क! त्याची धाव दहा मिनिटांपलीकडे गेलीच नव्हती. धक्क्यानं त्याचा हात जागच्या जागी थिजला. वस्तराही. घाटीवरच!

कोचला वाटलं, एवढ्यावर भागत नाही. "कर्णधारही तीच!"

आता हात थरथरायला लागला. आनंदानं हो! पण खालच्या माणसाला ते काय कळणार?

"पुढच्या वर्षीही! त्याच्या पुढच्याही! लेखी देतो!"

सलूनवाल्याला गहिवरून आलं. डोळे पुसायला त्यानं हात वर घेतला, तेवढ्यात कोच अर्ध्या दाढीनिशी, गळ्यातल्या टॉवेलसकट रस्त्यावर!

सामन्याच्या दिवशी नाकतोडा आली ती इस्त्री केलेला युनिफॉर्म पिशवीत घालून, परत करायला. कोचनं तोच तिला घालायला लावला आणि दंडावर कर्णधाराची पट्टी बांधली. पोरगी पट्टीकडे बघते, कोचकडे बघते, पुन्हा पट्टीकडे बघते! बाकीच्या आईबापांच्या तोंडांचे आ झाले. एका आईच्या तोंडात माशी शिरली ती मध्यंतरात बाहेर आली.

अशा गोष्टी लपतात होय? दातांच्या डॉक्टरीणबाईंची लेकही बाकावरचीच. त्यांनी कोचला फुकट तपासणीला बोलावलं, आडवं केलं, ड्रिल सुरू केलं. घुर्रर्र! "आमची छकुली किती वेळ खेळेल हो?" तोंडात कापूस, बिचाऱ्यानं दोन्ही हातांची दहा बोटं वर केली. मग वायरमननं बोलावलं. "साहेब, ही उघडी तार जरा धरता का? तेवढं मुलीच्या खेळाचं विचारायचं होतं." हां हां म्हणता कोच टीममधल्या एकूणएक मुलीला शब्द देऊन बसला!

पुढच्या सामन्याला मैदानात एकोणीस मुली. एकोणीस दंडांवर एकोणीस पट्ट्या! नाणेफेक पाऊण तास चालली, शेवटी नाणं झिजलं. रेफ्रीनं तीनदा मोजलं, चष्मा पुसला, पुन्हा मोजलं आणि मटकन गवतात बसला. जो तो कर्णधार ओरडतोय, "मला पास दे!" चेंडू कुठे होता? मध्यंतरापर्यंत कुणालाच दिसला नाही!

नाकतोडा घरी येऊन पायरीवर बसली. बूटही काढेना.

"बाबा, यापेक्षा बाक बरा होता. तिथून निदान चेंडू तरी दिसायचा. आता मी सोडतेच."

सलूनवाला तिच्याशेजारी पायरीवर टेकला. आधी पोरीला खेळ मिळत नव्हता, पण आशा तरी होती. यानं लाडानं तीही तासून टाकली!

तिकडे कोचनं धारदार वस्तूंचा असा धसका घेतला की त्यानं दाढीच सोडून दिली. आठ दिवसांत छातीपर्यंत, पंधरा दिवसांत कमरेपर्यंत! गळ्यातली शिट्टी तिच्यात हरवली. फुंकली की आवाज कुठून तरी बेंबीजवळून यायचा, फुस्स!

काय म्हणालात, चष्मेवाले? मग तिनं सोडलं का? ऐका तर! शेवटचा एक सामना खेळते म्हणाली. आणि त्या सामन्यात, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, चेंडू आपण होऊन तिच्या पायाशी आला. तिनं असा हाणला, असा हाणला की तो थेट कोचच्या दाढीत जाऊन रुतला! कोच घाबरून पळाला. मागे एकोणीस कर्णधार, त्यांच्या मागे समोरच्या अकरा जणी. पळता पळता तो शिरला तो बरोबर विरुद्ध बाजूच्या जाळ्यात, दाढीसकट, चेंडूसकट! रेफ्रीनं गोल दिला! या डोळ्यांनी पाहिलंय मी. खोटं वाटतंय? ही बघा, स्वतःच आली. पाय पूस गं, चिखल आणू नकोस आत! विचारा चष्मेवाले, तिलाच विचारा.

"काय गं बाळ, सोडलंस का फुटबॉल?"

"नाही काका. सोडणारच होते. मग म्हटलं, आधी विचारावं तरी मला का खेळवत नाहीत. उत्तर मिळालं, तुझा डावा पाय नुसता शोभेला आहे. महिनाभर डाव्या पायानंच मारत होते. आज अर्धा सामना खेळले."

"पण विचारलंस कुणाला? त्या कमरेपर्यंत दाढीवाल्या कोचला?"

"दाढी? आजोबा! अहो, आमच्या कोच बाई आहेत!"