कॅमेऱ्यापुरतं लंगडणं

देवळाची घंटा दुसऱ्यांदा चोरीला गेली, तेव्हा वरच्या कोंडाच्या मुंबई मंडळानं भांडुपच्या एका खोलीत तातडीची बैठक घेतली, दोनदा चहा प्यायला आणि देवळासमोरच्या खांबावर कॅमेरा बसवायचा ठराव पास केला. पोलादपूरपासून तासभर चढ चढून यावं लागणाऱ्या या वाडीत माणसं राहिली होती मोजून साठ. बाकी सगळी मुंबईत. आता त्या सगळ्यांना मोबाईलवर देवळापुढचं अंगण चोवीस तास दिसणार होतं.

पहिले चार दिवस वाडी चांगलीच बिथरली. देवळात दिवाबत्ती करणारा रामा तर पेटलाच. "म्हणजे घंटा काय मी नेली? माज्यावर पहारा?" असं म्हणून तो तंबाखू मळायलासुद्धा देवळाच्या मागे जाऊ लागला. बाया नळावर जाताना कॅमेऱ्याकडे पाठ करून चालत, आणि त्यामुळे दोघींच्या कळश्या एकमेकींवर आपटल्या.

पाचव्या दिवशी शर्मिलाच्या नवऱ्याचा घाटकोपरवरून फोन आला. "आज निळी साडी नेसलीस. बरी दिसलीस."

शर्मिला नळावर येऊन सगळ्यांना सांगत सुटली, "बारा वर्सं झाली लग्नाला! समोर असताना कदी बोलला नाय गो!"

झालं. दुसऱ्या दिवसापासून नळावर जायला इस्त्रीच्या साड्या निघाल्या, केसांत अबोली आली. रामानं पांढरा सदरा बाहेर काढला आणि दिवा लावायचं दोन मिनिटांचं काम तो वीस मिनिटं करू लागला. एवढी वर्षं ज्यांना कुणी बघितलं नव्हतं, त्यांना आता सारी मुंबई बघत होती. वाडी हुरळून गेली होती.

या सगळ्यात ठकूबाईच्या डोक्यात मात्र दुसरंच काहीतरी शिजत होतं.

शिमगा आठ दिवसांवर आला होता. शिमग्याला देवळापुढं पालखी नाचते, आणि प्रत्येक घराच्या पाळीला त्या घरच्या पुरुषानं खांदा द्यायचा ही कोंडाची रीत. ठकूबाईचा नवरा गेल्यापासून तीन वर्षं तिच्या घराची पाळी तिच्या चुलत जावेचा, जानकीबाईचा मुलगा अनिल निभावत होता. तेवढ्यानं काही बिघडलं नसतं. पण जानकीबाई दरवेळी चारचौघांत म्हणायची, "आमचा अनिल हाय म्हणून! नायतर ठकूच्या घराची पालखी रिकामीच गेली असती." ते ऐकून ठकूबाईच्या घशाखाली पुरणपोळी उतरत नसे.

तिचा हृतिक मुंबईत एका हार्डवेअरच्या दुकानात होता. "आई, शेठ सुट्टी देत नाय गं," हे त्याचं दरवर्षीचं उत्तर.

"बघते कशी देत नाय," ठकूबाई स्वतःशीच म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कळशी घेऊन नळावर जाताना नेमकी कॅमेऱ्यासमोर लंगडली. लंगडली म्हणजे काय, दहा पावलांचं अंतर कापायला तिनं पाच मिनिटं घेतली, मध्ये दोनदा आकाशाकडं बघितलं आणि एकदा पदरानं डोळे पुसले.

घरी पोचते न पोचते तोच फोन. "आई, पायाला काय झालं?"

"काय नाय रे बाबा. तू तुजं काम बघ." असं म्हटलं की मुलगा जास्त घाबरतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ती इतकी खूश झाली, की दुसऱ्या दिवशी नळावर निघताना आदल्या दिवशी कुठला पाय दुखत होता हेच विसरली. पहिल्या दिवशी उजवा, दुसऱ्या दिवशी डावा. मंडळाच्या ग्रुपवर दोन्ही दिवसांचे व्हिडिओ शेजारी शेजारी पडले. आता कुणालाही वाटेल की तिचं बिंग फुटलं. पण मंडळाचे सेक्रेटरी प्रवीण फार गंभीर माणूस. त्यांनी दोन्ही व्हिडिओ तीन तीनदा बघितले आणि खाली लिहिलं, 'कळवण्यास अत्यंत दुःख होते की ठकूकाकींचे दोन्ही पाय गेले.'

तासाभरात ठकूबाईच्या दारात सारी वाडी. कुणी निर्गुडीचा पाला आणला, कुणी डबाभर मलम. रामानं देवाचा अंगारा आणला. आणि जानकीबाई तेलाची वाटी घेऊन पदर खोचूनच आली.

"कुटला पाय गो?"

"दोनी," ठकूबाई कण्हली. आता माघार नव्हती.

जानकीबाईनं असे काही पाय रगडले, की खरंच दुखायला लागले. रगडता रगडता ती म्हणाली, "तू पडून ऱ्हा हो. पालखीची काळजी करू नको. आमचा अनिल हाय."

ठकूबाईनं दात आवळले, ते पायापेक्षा या वाक्यानं जास्त.

पालखीच्या आदल्या दिवशी दुपारी हृतिक पाठीला सॅक लावून घराच्या दारात उभा राहिला. ठकूबाई खाटेवरून टुणकन उडी मारून उठली आणि त्याला मिठी मारून दोनदा गोल फिरली. तिसऱ्यांदा फिरताना तिला आठवलं, आपले पाय गेलेत.

"आई!" हृतिक ओरडला. "तू ठणठणीत हायस?"

"मग काय करणार? नायतर तू येतोस काय?"

हृतिक कपाळाला हात लावून पायरीवर बसला. "अगं, मी शेठला तुजा व्हिडिओ दाखवला, तवा त्यानं चार दिवस सुट्टी दिली. पण तो लय संशयी. स्वतःच्या दुकानात त्याचे अकरा कॅमेरे हायत. मला म्हणाला, तुझ्या गावचा कॅमेरा माझ्या मोबाईलमध्ये पण टाकून दे. दिला टाकून! आता तो दिवसभर देवळापुढचं अंगण बघतोय. मी तुज्या उशाशी बसलोय असं सांगितलंय. पालखी नाचवताना दिसलो तर नोकरी गेली!"

ठकूबाईच्या पायांतलं बळ आता खरोखर गेलं. मुलगा आला, पालखी आली आणि मधे तो मेला कॅमेरा!

दुसऱ्या दिवशी ढोल वाजू लागले. ठकूबाई काठी टेकत, शेठला दिसेल अशी व्यवस्थित लंगडत कॅमेऱ्याच्या खांबाजवळच्या पारापाशी जाऊन बसली. हृतिक देवळाच्या भिंतीआड, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बेतानं उभा. एकेक घराची पाळी होत गेली. गुलाल उडत होता, पालखी झुलत होती.

"ठकूबाईचं घर!" रामानं पुकारा केला.

हृतिकनं आईकडं बघितलं आणि मान खाली घातली. जानकीबाई पुढं सरसावली. "जा रे अनिल! तू हायस म्हणून..."

ते वाक्य पुरं व्हायच्या आत ठकूबाईनं काठी फेकली. पदर खोचला, परातीतला गुलाल दोन मुठी भरून घेतला आणि दोन ढांगांत पाराच्या कठड्यावर चढली. तिथून कॅमेरा हाताच्या अंतरावर होता. तिनं तो गुलालानं असा लिंपला, की मुंबईत ऐंशी मोबाईल एकदम गुलाबी झाले.

"आता जा रे माज्या वाघा!"

हृतिक धावला. पालखीखाली खांदा गेला आणि अख्खा कोंड ओरडला. पोरगा असा नाचला, की त्याच्या बापाला नाचताना बघितलेल्या म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. एरवी सारी मुंबई बघायची त्या अंगणातली ही गोष्ट मात्र वाडीतल्या साठ माणसांनीच बघितली. ठकूबाई कठड्यावर उभी राहून रडत होती, हसत होती, आणि तिला काही कमी वाटत नव्हतं.

पालखी खाली टेकली आणि हृतिकचा फोन वाजला. शेठ! तेव्हा कुठं दोघांच्या लक्षात आलं, की पडदा गुलाबी होण्याआधी शेठला शेवटचं काय दिसलं असेल. दोन्ही पाय गेलेली बाई काठी फेकून उडी मारत कठड्यावर चढताना.

हृतिकनं फोन कानाला लावला. बराच वेळ तो नुसता "हां शेठ, हां शेठ" करत राहिला. मग त्यानं फोनवर हात धरला.

"आई, तो रडतोय. बोलतो, असा चमत्कार त्यानं जन्मात बघितला नाय. पालखी समोर आली आणि तुजे पाय बरे झाले! शेठाणीचे गुडघे धरलेत, पुढच्या शिमग्याला तिला घेऊन येतो बोलतोय. काय सांगू?"

ठकूबाईनं आधी देवळाकडं बघून कान पकडले. मग जरा विचार केला. मग जानकीबाईला नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "सांग त्याला, खुशाल ये. पण आमच्या घराच्या पाळीला घरचाच खांदा लागतो. दरवर्सी!"