खळ घातलेल्या बटा

उत्रोलीच्या मारुतीच्या सप्त्यात काल्याचं कीर्तन यंदा कुंडलिकबुवांना मिळालं, आणि त्याच दिवसापासून त्यांच्या घरातले आरसे, फण्या आणि माणसं यांच्यामागं पीडा लागली.

सहा वर्षं बुवा सप्त्यात तिसऱ्या दिवशी उभे राहत होते. पहिल्या दिवशी हौसेनं माणसं येतात, शेवटच्या दिवशी जेवायला येतात, आणि तिसऱ्या दिवशी ज्यांना घरात करमत नाही ती येतात. बुवांचा गळा गोड होता, निरूपण मनापासूनचं होतं. पण देवळातल्या खांबांनीच ते जास्त ऐकलं होतं. गेल्या साली काल्याला घाटाखालचे एक बुवा आले. त्यांनी कथा दोन जागी चुकवली, एक चाल मधेच सोडली. तरी त्यांच्या फेट्याखालून मानेवर रुळणाऱ्या कुरळ्या बटा पाहून सगुणाबाई पाटलीण म्हणाल्या, "तसबिरीतला देवच खाली उतरलाय जणू." झालं. वर्षभर गावात त्या बटांचंच निरूपण चाललं.

यंदा ते बुवा येणार नव्हते, म्हणून आनंदराव पाटलांनी कुंडलिकबुवांना बोलावणं धाडलं.

"बुवा, तुमचा गळा ग्वाड हाय, त्येच्यात वाद न्हाई," आनंदराव म्हणाले. "पर काल्याला मान्सं लांबनं येत्यात. लांबनं गळा दिसत न्हाई."

"मंग काय करावं, पाटील?"

"जरा रूप आना. यंदा बसला जम, तर काला कायमचा तुमचा. न्हाईतर तिसरा दिस हायेच की."

रूप आणायचं म्हणजे काय आणायचं, हे सांगावं लागलं नाही. बुवांनी केस वाढवलेले होतेच; पण ते भाताच्या पेंढ्यासारखे सरळ आणि रेशमासारखे बारीक. डोईवर बोट फिरवलं तरी बोटाला काही लागू नये. काल्याला वीस दिवस उरले होते.

गंमत अशी, की कुरळे केस बुवांच्या घरातच होते. त्यांच्या बायकोचे, भामाचे. पण तिचे कुरळे ही खोड समजली जाई. सासू सोजराबाईंनी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी निकाल दिला होता : "कुरळ्या केसाची बाई, वाकड्या डोक्याची." तेव्हापासून सात वर्षं भामा रोज सकाळी डोक्यावर एरंडेल थापून, केस ओढून ओढून कवडीएवढा अंबाडा घालत होती. बुवाचे कुरळे ही देवाची देणगी आणि बाईचे कुरळे ही खोड, यात काही चुकतंय असं घरात कुणाला वाटलं नव्हतं. भामाला वाटलं असेल. पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्या खेपेला भामानं नवऱ्याचे केस ओले करून जोंधळ्याच्या धाटांच्या तुकड्यांवर गुंडाळले आणि सुतानं बांधले. दुपारी सोडले तेव्हा बटा सुरेख वळल्या होत्या. बुवा आईला दाखवायला परसात गेले. परसात पोचेपर्यंत त्या निम्म्या उरल्या, आणि सोजराबाईंनी वर मान करेपर्यंत संपल्या.

"काय दावायला आलतास?"

"काय न्हाई, आये."

दुसऱ्या खेपेला जवस भिजवून त्याचा चिकट बुळका लावला. या बटा ओढ्यापर्यंत टिकल्या. पण चैत्राचं ऊन, त्यात घाम. ओढ्यावरून परत येताना सगळा बुळका बुवांच्या पाठीवर आला होता आणि केस पुन्हा सुतासारखे सरळ.

तेव्हा वेल्ह्याकडच्या डोंगरातला हैबती धनगर मेंढरं घेऊन बुवांच्या शेतात खतासाठी बसला होता. बुवांच्या डोक्यावरची धाटं पाहून तो काही हसला नाही. त्यानं शांतपणे विचारलं, "बुवा, बटा सोडल्यावं तुमी काय करता?"

"इंचरतो."

"आमच्या मेंढराला इंचरताना कवा बघितलंया कुनी?"

"न्हाई."

"मंग." हैबतीनं तंबाखूची चिमूट तोंडात सोडली. "इंचरलं की वळन मोडतं. आन पुरतं सुकल्याबिगर सोडू नका. वलं केस म्हंजी वासरू. हात ढिला पडला की पळालंच."

हे बुवांनी एखाद्या संतवचनासारखं ऐकून घेतलं. उरलेली अक्कल भामाची. संध्याकाळी नवऱ्याच्या धोतराला खळ देता देता ती म्हणाली, "अवो, ह्या निऱ्या दिसभर उभ्या ऱ्हात्यात त्या कशानं?"

"खळीनं."

"मंग केसांनी काय घोडं मारलंय?"

भाताची घट्ट पेज गाळून केसांना चोळली, धाटं बांधली, रात्रभर सुकवली. सकाळी ज्या बटा निघाल्या त्या परसात गेल्या, ओढ्यावर गेल्या, भोरच्या बाजारात जाऊन परत आल्या. एक केस हलला नाही. बुवांनी मारुतीला नारळ फोडला.

काल्याच्या दिवशी सोजराबाई पहाटेच देवळात भाकऱ्या थापायला गेल्या. भामा नवऱ्यामागं बसून एकेक धाट सोडत राहिली. बावीस बटा. एक मोडली, ती पुन्हा खळ लावून उन्हात धरली. तोवर देवळातून टाळ ऐकू यायला लागले. भामानं आदल्या दिवशी न्हालेले केस तसेच कसेबसे बांधले, वर पदर घट्ट ओढला आणि धावली. एरंडेलाची बुधली कोनाड्यात तशीच राहिली.

देवळात आनंदरावांनी आपल्या हातानं बुवांना मानाचा फेटा बांधला, गुलाबी, नवाकोरा. फेट्याखालून बावीस बटा मानेवर उतरल्या. मंडपभर कुजबुज फिरली. सगुणाबाईंनी हात जोडले. काला आपला झाला, हे बुवांनी ओळखलं.

पण बुवा नाचायला लागले तेव्हा बटा नाचेनात. त्या लाकडाच्या ढलप्यांसारख्या ताठ उभ्या, आणि प्रत्येक उडीला मानेवर टकटक वाजत. मागचा टाळकरी गेनबा दोनदा ठेक्यात चुकला.

"बुवा, टाळ म्या वाजिवतोय का तुमी?" तो पुटपुटला.

मग माश्या आल्या. पेज ती पेजच. उन्हात आंबायची सोडते थोडीच. बुवा हात वर करत ते भक्तीनं की माश्यांसाठी, हे लांबच्या माणसांना कळलं नाही. त्यांना ते फार भावलं.

आणि अशात बुवा निरूपणात शिरले. गोपाळांनी आपापली शिदोरी सोडली; कुणाची पुरी, कुणाची चटणी-भाकरी. एक पोरगं मात्र गाठोडं पाठीमागं धरून बसलं. त्याच्याकडं शिळी नाचणीची भाकर होती, तिची त्याला लाज. देवानं सगळ्यांचं ताट सोडलं आणि त्याच्यापुढं हात पसरला. "बाबा रे," बुवांनी स्वतःच हात पुढं केला, "म्याच दिलेलं माझ्यापासनं झाकतोस व्हय?" तेवढी घटकाभर बुवांना ना माश्या आठवल्या ना बटा. मंडपातली माणसं वर टांगलेल्या हंडीकडं बघत होती. खांबाआड बसलेली भामा मात्र पदरानं डोळे पुसत होती.

हंडी फोडायची वेळ झाली. बुवांनी सहा वर्षं तिसऱ्या दिवसाचंच कीर्तन केलं होतं. हंडीखाली ते कधी उभे राहिले नव्हते. तरी त्यांनी विचार करून ठेवला होता की वर फेटा आहे, बटा भिजणार नाहीत. त्यांनी काठी उचलली, तोच आनंदराव पुढं झाले.

"थांबा बुवा. नवा फेटा हाय, दह्यानं नासंल." आणि त्यांनी मानाचा फेटा मानानं काढून घेतला.

काठी लागली. घागरभर दही थेट बुवांच्या मस्तकावर आलं, पाठोपाठ लाह्या. ओल्या खळीत लाह्या अशा रुतल्या की पक्ष्यानं घरटं करावं. कुणीतरी ओरडलं, "परसाद बुवांच्या डोईत हाय," आणि मंडप बुवांवर कोसळला. ज्याच्या हाताला जी बट लागली ती त्यानं लाहीसाठी निपटली. चार माणसांनी ओढून, दह्यानं भिजवून, बावीस बटांच्या पुन्हा सरळ वाती झाल्या. गर्दी बाजूला झाली तेव्हा मधे जुनेच कुंडलिकबुवा उभे होते, गालांवर केस चिकटलेले.

आनंदराव फेट्याकडं बघायला लागले. बुवांना तिसरा दिवस स्पष्ट दिसायला लागला.

तेवढ्यात सगुणाबाईंचा आवाज आला. "आगं बया. हिकडं बघा."

प्रसादाच्या रेट्यात भामाचा पदर खांद्यावर आला होता, अंबाडा सुटला होता. दह्याचे शिंतोडे उडालेले तिचे केस कंबरेपर्यंत दाट, काळे, वळणावळणानं मोकळे पसरले होते.

"बुवांच्या डोईवरनं ग्येलं आन हिच्या डोईवर आलं," सगुणाबाई म्हणाल्या. "काल्यात द्येवानं वाटनी क्येली."

सगळ्या बायकांनी भामाला हात लावून तो आपापल्या डोक्याला लावला. सोजराबाई भाकऱ्यांचं पीठ हाताला तसंच घेऊन आल्या. सुनेच्या केसांकडं पाहिलं, गावाकडं पाहिलं, आणि छाती पुढं काढून म्हणाल्या, "आमच्या घरान्यावर मारुतीची किरपा पैल्यापासनंच हाय."

घरी जाताना आनंदराव वाटेत थांबले. "बुवा, काला कायमचा तुमचा. फुडल्या सालचा बी आत्ताच धरा." मग इकडंतिकडं बघून आवाज उतरवला. "आमच्या मंडळींस्नी हंडीच्या अगदी जवळ हुबं करा. त्यांचं केस बी लई सरळ हायती."

परसात भामा नवऱ्याच्या डोक्यावर पाणी घालत होती. बुवा खिन्न होते.

"काला मिळाला. पर निरूपन कुनी ऐकलं न्हाई, भामा."

"म्या ऐकलं की." तिनं एक लाही त्यांच्या केसातून काढून तोंडात टाकली. मग ओल्या हातानं कोनाड्यातली एरंडेलाची बुधली उचलली आणि बैलगाडीच्या चाकाला वंगण म्हणून ओतून टाकली.