चार बोटांची शिक्षा

तालुक्याच्या त्या शाळेत बेशिस्त मुलांची उंची कापून घेतात. उशिरा आलं तर एक बोट, उलट बोललं तर चार. कापलेली उंची कार्यालयातल्या पत्र्याच्या पेटीत नाव घालून ठेवलेली असते आणि माफीनामा लिहून दिला की परत मिळते. पालकांची काही तक्रार नव्हती. पालकांची कधी नसतेच.

नववीतली पल्लवी खैरनार जूनमध्ये शाळेत सगळ्यात उंच होती आणि तिला त्याचा भारी तोरा होता. जुलैत तिच्या मैत्रिणीला उशिराचं एक बोट बसलं, तेव्हा पल्लवी म्हणाली, "सर, गेट घंटेच्या आधीच लावलं होतं." ते खरं होतं. तिची चार बोटं गेली. मग मुख्याध्यापक देवरे सर रोज तिच्यापुढे कोरा माफीनामा ठेवायचे, ती रोज तेच वाक्य म्हणायची आणि रोज आणखी चार बोटं जायची.

आईने तिसऱ्यांदा स्कर्ट दुमडून शिवला. "लिहून दे ना एकदाची. दोन ओळी तर आहेत. उद्या तुला पाळण्यात घालावं लागेल."

"मग पाळण्यातून सांगेन."

घरच्या कडीला हात पुरेना, तेव्हा मात्र तिला रडू आलं. उंची तिला हवीच होती. डोळे पुसून तिने आईला कडी काढायला सांगितली.

आता, प्रार्थनेची रांग उंचीप्रमाणे लागते, बुटके पुढे. सगळ्यात पुढचं मूल हुकूम देतं आणि तो सगळ्यांनी पाळायचा, हा शाळेचा जुना नियम. पेटी भरत गेली तशी भांडखोर, प्रश्न विचारणारी मुलं पुढे सरकत गेली. सोमवारी पल्लवी पाचवीच्याही पुढे, थेट माइकपाशी आली. तिच्यासाठी माइक विटेवर ठेवला.

हात दाखवून अवलक्षण झालं, हे सरांना कळलं. "माफीनामा राहू दे. उंची घेऊन जा," ते हळूच म्हणाले.

"आधी शिस्तीच्या वहीत खरं लिहा," ती म्हणाली आणि माइककडे वळली. "सावधान."

शाळा ताठ झाली. सरही झाले.

"गेट घंटेच्या आधी लावलं होतं. तसं लिहीपर्यंत विश्राम नाही."

पहिल्या तासाची घंटा झाली नाही, कारण शिपाईही सावधान होता. ऊन चढलं. सरांच्या नाकावर माशी बसली आणि बराच वेळ बसून राहिली.

"वही आणा कुणीतरी," शेवटी सर म्हणाले. कुणालाच हलता येत नव्हतं. मग पल्लवीच गेली. कार्यालयाच्या पायऱ्या ती हात टेकून एकेक करत चढली. वही डोक्यावर घेऊन आली, सरांच्या बुटांपाशी उघडून ठेवली.

"फक्त सर, विश्राम."

सर खाली बसले. बसल्यावर ते तिच्याएवढेच दिसत होते. त्यांनी लिहिलं, सही केली आणि पेनाचं टोपण लावलं.

"तारीख राहिली, सर," पल्लवी म्हणाली.