मूळ स्थितीतला मेंढा

गणूतात्यांकडून फावडं आणायचं तर दोन पंच बरोबर न्यावे लागतात. "मालकी माझी, ताबा तुमचा. कबूल हाय न्हवं?" हे चारचौघांत वदवून घेतल्याशिवाय फावडं जागचं हलत नाही. एकदा त्यांच्या ओसरीवर विसरलेली माझीच छत्री मी उचलली, तर म्हणाले, "गुरुजी, आधी वळख पटवा!"

तात्या म्हणजे दहिवडीतले आमचे शेजारी. काकू गेल्यापासून एकटेच असतात. कायद्याचं हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते मेंढ्यामुळे. चुलतभाऊ महादूने तात्यांचा मेंढा परस्पर लोणंदच्या बाजारात विकायला उभा केला. तात्यांनी फिर्याद दिली, पोलिसांनी मेंढा जप्त केला आणि कोर्टाने निकाल लागेपर्यंत तो तात्यांच्या ताब्यात दिला. अट अशी, की मुद्देमाल विकू नये, त्याचं स्वरूप बदलू नये आणि बोलावलं की हजर करावा.

झालं! तात्यांनी त्याची लोकर कातरणंच बंद केलं. मेंढ्याचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठली, हे चारा टाकल्यावरच कळू लागलं. मी म्हटलं, "तात्या, केस कापले म्हणून तुम्ही दुसरे कुणी होता का?"

"मी मुद्देमाल न्हाई, गुरुजी."

"अहो, वकीलसुद्धा कापा म्हणतात."

"जज्ज म्हणलाय का?"

तारखेला महादू भेटला, की तात्या आधी त्याला चोर म्हणत आणि मग आपल्या भाकरीचं फडकं त्याच्यापुढे सोडत. महादू मिटवायला कधीचा तयार होता. तात्या मात्र हटून बसले होते. "माफी घरात. हितं न्याय!"

मग चैत्र लागला. माण तालुक्यातलं ऊन ते! मेंढा धापा टाकू लागला, त्याने चारा सोडला. तात्या दिवसभर ओलं पोतं घेऊन त्याच्यापाशी बसू लागले. मला दोघांचीही काळजी वाटायला लागली.

पुढच्या तारखेला तात्यांनी हात जोडले. "मिटवतो, सायेब. चोर न्हाई, भाऊ हाय त्यो माझा. फकस्त मेंढा कातरू द्या."

जज्जसाहेब म्हणाले, "कातरायला तुम्हाला अडवलं होतं कुणी?"

तरीही तात्यांनी शब्द फिरवला नाही.

संध्याकाळी महादूच कात्री घेऊन आला. त्याच्याइतका हलका हात गावात कुणाचा नाही. लोकर उतरली तसा मेंढा उठला आणि त्याने चाऱ्याला तोंड लावलं. मी तात्यांना चिडवलं, "हाताशी आलेली केस सोडलीत? मालकी कुणाची, ताबा कुणाचा?"

तात्या मेंढ्याच्या उघड्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"मालकी तुमच्या काकूची, गुरुजी. आई मेलेलं कोकरू हुतं, तिनं बाटलीवर जगवलं. आपला निस्ता ताबा. उद्या वर गेल्यावर तिनं इचारलं, तर काय सांगू?"