बंदुकीवरचा शिक्का

शनिवारी बंदुकीची किंमत ठरवायला माणूस येणार म्हणून अर्मासने ती शुक्रवारीच कपाटातून काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवी ठेवली, आणि त्याच्या बायकोला, हिल्माला, आपलं पिठाचं पातेलं उचलून खिडकीत न्यावं लागलं. वडील वारल्यावर बंदूक अर्मासकडेच आली होती, परवानाही त्याच्या नावावर झाला होता. पण मोठी बहीण केर्त्तू काही ऐकेना.

"जुन्या लष्करी बंदुकांना हल्ली वेड्यासारखा भाव आलाय," ती फोनवर म्हणाली होती. "विकायची आणि अर्धे अर्धे करायचे. नुसता हं हं करू नकोस!"

"हं," अर्मास म्हणाला होता.

त्याला ती विकायची नव्हती. याच बंदुकीचा दस्ता गालाला लावून तो वडिलांशेजारी गारठलेल्या रानात मूस या थोराड हरणाची वाट बघत बसायचा. पण हे बहिणीला सांगायचं म्हणजे तोंड उघडायचं. आणि अर्मासने आयुष्यभर रस्त्यावरचा बर्फ लोटायची गाडी चालवली होती, ती त्या गाडीत एकट्यालाच बसावं लागतं म्हणून.

निदान पुसून तरी ठेवू, म्हणून त्याने फडकं घेतलं. नळीवरचा मळ निघाला तशी खालून चौकटीत बसवलेली दोन अक्षरं दिसू लागली.

"हिल्मा, हे एस आणि ए काय आहे गं?"

हिल्माने चष्मा लावला. "लष्कराचा शिक्का तो. आमच्या काकाच्या घोंगडीवर होता असाच. छावणीतून ढापली होती त्याने."

"म्हणजे बाबांनी..."

"मी बाबांचं नाव घेतलं का? मी घोंगडीचं सांगितलं."

अर्मासने फडकं खाली ठेवलं. बाबा चर्चच्या कारभारी मंडळावर होते. उद्या त्या माणसाने केर्त्तूच्या देखत शिक्का वाचला म्हणजे? तो मागच्या खोपटात गेला आणि कानस घेऊन आला.

शिक्का गेला. पण काळ्या नळीवर तेवढीच जागा चकचकीत दिसू लागली, म्हणून त्याने उरलेली नळीही घासली. नळी उजळल्यावर दस्ता अगदीच दरिद्री दिसायला लागला. मग दस्त्याला पॉलिशपेपर लागला, आणि त्यावर होडीचं उरलेलं वॉर्निश.

"छान झालंय," हिल्मा म्हणाली. "अगदी वल्हं वाटतंय."

शनिवारी केर्त्तू किंमत करणाऱ्या तोर्विनेनला बरोबर घेऊनच आली. हडकुळा, हळू बोलणारा माणूस. त्याने खिशातून भिंग काढलं, बंदूक उचलली आणि भिंग पुन्हा खिशात ठेवलं.

"कोणी केलं हे?"

"मी," अर्मास म्हणाला.

तोर्विनेनने बंदूक खाली ठेवायचा प्रयत्न केला. वॉर्निश अजून वाळलं नव्हतं. बंदूक त्याच्या तळव्याला चिकटूनच राहिली.

"अरे, पण का?" केर्त्तू ओरडली.

अर्मासने खिडकीकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. शेवटी म्हणाला, "लष्कराचा शिक्का होता. मला वाटलं, बाबांनी चोरली."

"बाबांनी? रस्त्यात हातमोजा सापडला तरी पोलिसात नेऊन द्यायचे ते!"

"प्रत्येक लष्करी बंदुकीवर तो शिक्का असायचा," तोर्विनेन हात सोडवत म्हणाला. "पुढे लष्करानेच त्या रीतसर विकून टाकल्या. शिक्का बघूनच तर गिऱ्हाईक येतं. खटक्याजवळचा नंबर शाबूत आहे, तेव्हा कायद्याची भानगड नाही. या बनावटीच्या फार थोड्या निघाल्या होत्या. परवापर्यंत हिच्यात एक बरी जुनी मोटार आली असती."

"आणि आता?" केर्त्तूने विचारलं.

"सायकल. तीही चाकं सोडून."

केर्त्तू खुर्ची ओढून बसली. अर्मास मान खाली घालून वादळाची वाट बघत राहिला.

"बाबांच्या अब्रूसाठी केलंस होय रे हे?" ती म्हणाली. "आणि तुला विकायची नव्हतीच, ना?"

"नव्हती."

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?"

"विचारलं असतं तर बोलला असतास?"

अर्मासने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही."

केर्त्तूला हसू फुटलं. "ठेव तुझ्याकडेच. अर्ध्या सायकलीचं मी काय करू?"

अर्मासने ताटातला, हिल्माने भाजलेला सगळ्यात मोठा वेलदोड्याचा पाव तिच्यापुढे सरकवला. ती काय ते समजली.

पाहुणे गेल्यावर हिल्मा आतल्या खोलीतून आपल्या आईची चांदीची कॉफीची किटली घेऊन आली. पुढच्या रविवारी तिच्या बहिणी वाटणीसाठी यायच्या होत्या. तिने किटली टेबलावर पालथी घातली आणि शेजारी कानस ठेवली.

"तळाला बारीकसा शिक्का आहे बघ," ती म्हणाली. "मला काही तो बरा वाटत नाही."