बिनकिड्याचं पॉलिश

‘काही करू नका’ असं मला कुणी बजावलं, की माझे हात शिवशिवायला लागतात. मिनेझिससाहेबांनी आपली गिटार माझ्या हवाली करताना नेमकं हेच बजावलं होतं.

साल एकोणीसशे छत्तीस, डिसेंबर महिना. मी बेळगावच्या कॅम्पातल्या एका सरकारी कचेरीत टेंपररी कारकून होतो. टेंपररी म्हणजे दोन वर्षं अकरा महिने टेंपररी. (एवढ्या अवधीत माझी खुर्चीसुद्धा कायम झाली होती, तिच्या पाठीवर सरकारी नंबर पडला होता.) कारकुनाची एक जागा कायम व्हायची होती आणि उमेदवार आम्ही दोघं होतो. रिपोर्ट लिहिणार होते आमचे हेडक्लार्क मिनेझिससाहेब, तेही नाताळाच्या आधीच्या सोमवारी. सदलग्याचे माझे सासरे दर पत्रात एकच ओळ लिहायचे, ‘कायम झाल्याचे कळवावे.’ माझी खुशाली त्यांनी विचारणं केव्हाच सोडून दिलं होतं.

नाताळासाठी साहेबांच्या घराला चुना लावायचा होता आणि तेवढ्यात ते मडगावला जाऊन येणार होते. मला टेबलापाशी बोलावून म्हणाले, “मगदूम, चुन्यात गिटारची वाट लागेल. आठ दिवस तुमच्या घरी राहू दे. रविवारी संध्याकाळी मीच येऊन नेईन. खुंटीला टांगून ठेवा आणि काही करू नका.”

दुसरा उमेदवार जागच्या जागी पिवळा पडला. मी गिटार तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून शहापुरात घरी आलो.

आम्ही जैन. आमच्या घरी पाणी गाळून पितात, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात आणि मुंगी आडवी आली तर माणूस थांबतो. यात माझी बायको ब्राह्मी माझ्याहून फार कडक. मध तर सोडाच, मधाच्या रंगाचं काही दिसलं तरी ती चौकशी करते. तिनं गिटारभोवती एक फेरी मारली.

“ही कसली सतार वं?”

“सतार न्हवं, गिटार.”

“कशाची केलीया?”

“लाकडाची.”

“ते दिसतंय मला. बाकीचं काय काय हाय ते इचारलासा काय सायबास्नी?”

“बाकीचं काय असतंय त्यात? मधी एक भोक हाय!”

“इचारून घ्यायचं हुतं,” एवढंच म्हणून ती वळली. घरातली सगळ्यात मजबूत खुंटी गाळलेल्या पाण्याच्या घागरीवर होती. तिलाच गिटार टांगली.

दोन दिवस मी काही केलं नाही. मंगळवारी कचेरीतून आलो तर खिडकीतलं ऊन गिटारवर पडलं होतं आणि त्या उन्हात तिच्या अंगावरची धूळ, बोटांचे ठसे, एक धुरकट डाग, सगळं दिसलं. मनात आलं, दुसऱ्या उमेदवाराला टायपिंग येतं, मला येत नाही. पण साहेबांची वस्तू नेली त्याहून चकचकीत परत केली तर? रिपोर्टात एखादी ओळ तरी चांगली पडेल.

मग प्रश्न पडला, गिटारला कसलं पॉलिश लावतात? हा प्रश्न मला तोवर कधीच पडला नव्हता, पण पडला तो डोक्यात घर करूनच बसला. रस्त्यानं जाताना मी लोकांच्या दारांकडं, खुर्च्यांकडं, टांग्याच्या दांड्यांकडं निरखून बघायला लागलो. एका वकिलाच्या काठीवरून मी हात फिरवला तेव्हा तो संशयानं चार पावलं मागं सरला.

पहिल्यांदा कॅम्पातल्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं बुटाच्या पॉलिशची डबी पुढं केली. डबीवर मुकुट होता, तीन मेडलं होती, कारखान्याचं चित्र होतं. आत काय आहे तेवढं सोडून सगळं छापलं होतं. मी विचारलं तर म्हणाला, “मेण असतंय, आणि कसलीतरी चरबी.” मी डबी अशी खाली ठेवली की ती गडगडत दाराबाहेर गेली.

तिथून परशराम सुताराकडं गेलो. गिटार बरोबर नेली नव्हती. (गावभर बभ्रा नको होता. तो पुढं झालाच.)

“परशराम, लाकडाला चकाकी कशानं येती रं?”

“चपडा लाख, मगदूमअण्णा. स्पिरीटात भिजवायची, फडक्याचा बोळा करायचा आन घासायचं. आरशात बघाय नको, खुर्चीत बघून भांग पाडावा!”

“ही लाख कुटं उगवती?”

“उगवती कुटली? झाडावर किडं बसत्यात, त्येंच्या अंगातनं येती. मग किड्यासकट खरवडून, वितळवून...”

“बास, बास!”

“मग मेण लावा की. मधमाशीचं पोळं पिळून...”

मी कानावर हात ठेवून घर गाठलं. माणसाच्या घरातल्या चकाकीमागं एवढे जीव असतात हे मला माहीतच नव्हतं. ब्राह्मीला सांगितलं तर तिला जराही नवल वाटलं नाही. म्हणाली, “चमकणाऱ्या वस्तूचं मी पयल्यापासनं म्हणतोय न्हवं? आदी इचारा.”

शेवटी आमच्या गल्लीतल्या जिनाप्पा आप्पांना शरण गेलो. आप्पांचं तेलाचं दुकान होतं आणि काय खावं, काय खाऊ नये या बाबतीत गल्ली त्यांचाच शब्द मानायची. गिटार काही खायची वस्तू नव्हती, पण त्यांनी प्रश्न गंभीरपणे घेतला.

“खोबरेल?” मी विचारलं.

“ब्याड. थंडीत गोठतंय.” (ब्याड म्हणजे कन्नडात ‘नको’.)

“एरंडेल?”

“ब्याड ब्याड! वास येतोय. सायेब वाजवाय बसलाय का जुलाब घ्याय बसलाय म्हणत्याल लोक?” आप्पांनी डोळे मिटले. “शेंगतेल लाव. स्वच्छ. जीव न्हाय, जंतू न्हाय.”

शेंगतेल लावलं. डाग गेल्यासारखा वाटला, पण चकाकी म्हणावी तशी येईना. गिटार भज्यासारखी नुसती तेलकट दिसायला लागली. आणि इथंच माझी बुद्धी चालली. (माझ्या घरात हे वाक्य आजही म्हणीसारखं वापरतात. काही फुटलं, सांडलं, जळलं, की ‘त्यांची बुद्धी चालली’ म्हणतात.)

सदलग्याहून, म्हणजे ब्राह्मीच्या माहेराहून, गुऱ्हाळ सुरू झालं की काकवीची घागर यायची. शुक्रवारी जेवताना ब्राह्मीनं भाकरीवर काकवी वाढली. मी बघतच राहिलो. तोच तांबूस रंग. तीच चकाकी, छे, गिटारीहून दुप्पट! आणि कशाची? उसाची! किडा नाही, माशी नाही, चरबी नाही, वर सासुरवाडीचा माल. मी भाकरी तशीच ठेवून उठलो.

दोन चमचे शेंगतेल, एक चमचा काकवी, मऊ धोतराचा बोळा. तासभर घासलं. जिनाप्पा आप्पा येऊन बघून गेले आणि म्हणाले, “छलो,” म्हणजे ‘छान,’ “आता ही गिटार जैन झाली.” ब्राह्मीसुद्धा खूश झाली. गिटार अशी लखलखत होती की मी तिच्यात बघून टोपी सरळ केली. त्या आनंदात मी सासऱ्यांना पत्रसुद्धा टाकलं, ‘कायम होण्याची लक्षणे दिसत आहेत.’

रविवारी दुपारी ब्राह्मीनं हाक मारली. आवाज अगदी शांत होता, म्हणून मी पळत गेलो.

“अवं, गिटार हालतीया.”

गिटार हलत नव्हती. गिटारवरच्या मुंग्या हलत होत्या. भिंतीवरून एक काळी रांग येत होती, खुंटीवरून उतरत होती, गिटारच्या अंगाखांद्यावर पसरत होती आणि मधल्या भोकातून आत जात होती. आत काय चाललं होतं देव जाणे. मी झटकायला फडकं उचललं.

“हात लावशीला तर बघा!” ब्राह्मी आडवी उभी राहिली. “एक मुंगी मेली तर त्या सायबाचं तोंड बघणार न्हाई मी.”

“अगं, सायेब दोन तासांत येणार! माझी नोकरी...”

“नोकरी तुमची. जीव त्येंचा.”

खरं सांगायचं तर माझाही हात उठत नव्हता. काकवी मी लावली होती. त्या बिचाऱ्या आमंत्रणावरून आल्या होत्या.

मी साखरेची एक लांब रेघ ओढली, गिटारपासून थेट परसातल्या पेरूच्या झाडापर्यंत. मुंग्यांनी साखरेमागोमाग बाहेर जावं असा बेत होता. पाच मिनिटांत पेरूखालचं दुसरं वारूळ त्या रेघेवरून घरात आलं. रस्ता बांधला की जाणारे जातात तसे येणारेही येतात, हे एका सरकारी कारकुनाला कळायला हवं होतं.

मग ब्राह्मीनं कारभार हातात घेतला. गिटार स्टुलावर ठेवली, स्टुलाचे पाय पाण्याच्या चार वाट्यांत सोडले म्हणजे नव्या मुंग्या चढू नयेत, आणि भोकापाशी एका ताटलीत ताजी काकवी ठेवली. आतल्या मुंग्या ताटलीत जमल्या की मी ताटली अलगद पेरूखाली न्यायची, तिथं पानांवर टेकवून त्या उतरेपर्यंत थांबायचं, की परत. ब्राह्मी भोकाशी वाकून त्यांना कन्नडमधून विनवत होती, “होग्री, होग्री,” म्हणजे ‘जावा हो, जावा.’ लग्नाला सहा वर्षं झाली, पण इतक्या मऊ आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

अकरावी खेप चालली होती. घाम, काकवी आणि नोकरीची काळजी सगळं कपाळावरून एकत्र ओघळत होतं. तोंडानं मीही ‘होग्री’ म्हणत होतो. ताटली घेऊन दारात आलो तर समोर मिनेझिससाहेब उभे. त्यांनी ताटलीकडं पाहिलं. स्टुलाकडं पाहिलं. आपल्या गिटारशी बोलणाऱ्या बाईकडं पाहिलं.

“मगदूम,” ते हळूच म्हणाले, “मी म्हटलं होतं, काही करू नका.”

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. डबीतली चरबी, परशरामाचे किडे, मधमाशी, शेंगतेल आणि शेवटी काकवी. नोकरी तर गेल्यातच जमा होती, पण निदान कारण तरी स्वच्छ होतं. “सायेब, तुमच्या गिटारला आम्ही एकबी किड्याची वस्तू लागू दिली नाही,” मी म्हणालो.

साहेबांनी ओलं फडकं मागितलं. शेवटच्या दहा-बारा मुंग्या ब्राह्मीनं पानावर घेतल्या आणि मग साहेबांनी गिटार पुसली. काकवी निघाली, तिच्याबरोबर धूळ, ठसे आणि तो धुरकट डागही निघाला. आतून गिटार स्वतःच्याच चकाकीनं चमकली. पॉलिश तिला मुळात नकोच होतं. ओल्या फडक्यानं काम भागलं असतं.

“मगदूम, ही चकाकी कसली आहे ठाऊक आहे?” साहेब म्हणाले. “लाखेची.”

मी ब्राह्मीकडं पाहिलं नाही.

“सांधे जोडलेत ते सरसानं. सरस म्हणजे हाडं-कातडी उकळून केलेला. गेल्या नाताळात वरून मेणही मीच लावलं, मधमाशीचं.” साहेबांनी एक तार छेडली. फार गोड वाजली. “या जाड तीन तारा आतून रेशमाच्या. आणि या बारीक तीन...” ते थांबले, कारण ब्राह्मी जवळ आली होती.

“सांगा की, सायेब.”

“बकऱ्याचं आतडं, बाई.”

ब्राह्मीनं खुंटीकडं पाहिलं, खुंटीखालच्या गाळलेल्या पाण्याच्या घागरीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. रेशमाबद्दल ती चकार शब्द बोलली नाही, कारण तिच्या ट्रंकेत लग्नातलं रेशमी इरकल लुगडं होतं.

“अख्ख्या बेळगावात पालीश कशाचं, पालीश कशाचं म्हणून इचारत हिंडलासा,” ती म्हणाली. “आन गिटार कशाची ते एकदा इचारलं न्हाईसा.”

यावर साहेब जे हसायला लागले ते गल्लीच्या टोकापर्यंत हसत गेले. त्या संध्याकाळी घागर ओतली गेली, खुंटी उपटली गेली, भिंत तीनदा धुतली गेली आणि मला घरात यायच्या आधी परसात थंड पाण्यानं आंघोळ घालण्यात आली. दिवस मावळला, जेवण राहिलं. त्या रात्री मी उपाशी पडून सासऱ्यांना काय लिहायचं याचा विचार करत होतो. दोन वर्षं अकरा महिने मान मोडून काम केलं आणि एक चमचा काकवीनं ते सगळं पुसून टाकलं, याचं मला खरंच फार वाईट वाटत होतं.

सोमवारी साहेबांनी रिपोर्ट लिहिला. मंगळवारी हुकूम हातात पडला. वाचता वाचता माझे डोळे भरून आले. मी कायम झालो होतो! साहेबांनी लिहिलं होतं, ‘सोपवलेल्या वस्तूतून, एकाही जिवाला धक्का न लावता, हजारो मुंग्या बाहेर काढण्याची चिकाटी या इसमात असल्याचे मी समक्ष पाहिले आहे.’ मी तिथल्या तिथं सासऱ्यांना तार करायला निघालो होतो. मग हुकुमाची खालची ओळ वाचली.

माझी नेमणूक दप्तरखान्यात झाली होती. तिथल्या सतरा कपाटांना वाळवी लागली होती आणि आधीचे तीन कारकून हात टेकून गेले होते. पहिल्या दिवशी मी काकवीची ताटली घेऊनच हजर झालो. वाळवीनं तिला तोंडसुद्धा लावलं नाही. संध्याकाळपर्यंत माझ्या नेमणुकीचा हुकूम तेवढा खाल्ला.